फ्रेम ६१५ : एका न झालेल्या स्फोटाची चौकशी

पहाटे ३ वाजून ४२ मिनिटांनी घेतलेल्या एका फ्रेममध्ये एक तारा आधीच्या फ्रेमपेक्षा ४० टक्के उजळ आला. पुढच्या फ्रेममध्ये तो पुन्हा होता तसाच. प्रकरण एवढंच. पण त्या एका फ्रेमने आमचे पाच दिवस खाल्ले, आणि शेवटी हाती लागलं ते आम्ही ज्यासाठी जागत होतो ते नव्हतंच. लहान दुर्बीण घेऊन क्ष-किरण स्फोटक, म्हणजे अधूनमधून काही सेकंदांसाठी क्ष-किरणांत भडकणाऱ्या, ताऱ्यांच्या मागे लागणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून सगळं लिहून ठेवतो, आमच्या चुकांसकट.

जागा गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली, माझं आजोळ. वाळपई मागे टाकून घाटाच्या दिशेने गेलं की पणजी-म्हापशाचा पिवळा उजेड पाठीमागे पश्चिमेला राहतो आणि पूर्वेला सह्याद्रीची काळी रेघ तेवढी उरते. एप्रिलचा शेवटचा आठवडा. काजूचा हंगाम उतरणीला लागलेला, बोंडांचा आंबूस वास अंगणभर, आणि खालच्या बाजूला कुणाच्या तरी भट्टीचा धूर. धूर दुर्बिणीला वाईटच, पण हुर्राकाच्या, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूच्या, दिवसांत सत्तरीत कुणाला भट्टी विझव म्हणून सांगणार?

दुर्बीण १० इंची न्यूटोनियन, ताऱ्यांच्या गतीने फिरणाऱ्या इक्वेटोरियल माउंटवर. मागे थंड करता येणारा सीमॉस कॅमेरा, फिल्टर नाही. १० सेकंदांचं एक्स्पोजर, फाइल साठवायला २ सेकंद, की पुढचं एक्स्पोजर. माझ्यासोबत भाचा. दिवसा तो सॉफ्टवेअरचं काम करतो, आणि रात्रीसाठी त्याने एक छोटा प्रोग्राम लिहिला आहे. प्रत्येक फ्रेम आली की आपला तारा आणि चार तुलना-तारे (ज्यांचा उजेड बदलत नाही असे शेजारचे) मोजून तो लॅपटॉपवर एक ठिपका टाकतो. त्या रात्री साडेतीनपर्यंत ठिपक्यांची ओळ सरळ चालली होती. वर-खाली होणं ५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे आमच्या दुर्बिणीचा नेहमीचा थरथराट. मी थर्मासमधला चहा ओतत होतो.

"मामा, पळय!"

घरात मराठी-कोकणी सरमिसळच असते आमची. भाचा घाबरला किंवा हरखला की सरळ कोकणीवर येतो. मी पाहिलं, तर एक ठिपका ओळ सोडून वर जाऊन बसलेला. फ्रेम क्रमांक ६१५.

तारा होता ॲक्विला एक्स-१. गरुड नक्षत्रात, श्रवणापासून साधारण १३ अंश नैर्ऋत्येला. त्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर) जेमतेम अर्धा अंश उत्तर, त्यामुळे गोव्याच्या १५.५ अंश अक्षांशावरून तो डोक्याच्या जवळपास ७५ अंशांपर्यंत चढतो. स्फोटक ताऱ्यांपैकी पुष्कळ नामांकित मंडळी फार दक्षिणेला आहेत. वेदिका नक्षत्रातला ४यू १६३६-५३ आमच्याकडे कसाबसा २१ अंश वर येतो, आणि ईएक्सओ ०७४८-६७६ तर ७ अंशांवर, म्हणजे माडांच्या शेंड्यांत. ॲक्विला एक्स-१ त्या मानाने आपल्या अंगणातला. त्याचं दुखणं वेगळं. तो मध्यरात्री माथ्यावर येतो जुलैमध्ये, आणि जुलैत गोव्यात आकाश नावाची वस्तू नसते. म्हणून आमच्या वाट्याला दोनच तुकडे येतात: पावसाआधीची पहाट आणि पावसानंतरची संध्याकाळ. एप्रिलअखेर दीड वाजता तो पुरेसा वर येतो आणि पाचच्या सुमारास संधिप्रकाश सुरू होतो. साडेतीन तासांचा खेळ.

इथे एक शब्दांचा घोळ निस्तरायला हवा, कारण मराठी बातम्यांत तो कायम होतो. या ताऱ्याला दोन प्रकारची उचकी लागते. एक उद्रेक: तो साधारण वर्षाकाठी येतो आणि काही आठवडे चालतो. दुसरा स्फोट: तो काही सेकंदांचा. दोन्हींची कारणं अगदी वेगळी.

ॲक्विला एक्स-१ ही जोडी आहे. एक न्यूट्रॉन तारा, सूर्याच्या दीडपट वस्तुमान जेमतेम २०-२५ किलोमीटर व्यासाच्या गोळ्यात कोंबलेला, आणि त्याच्याभोवती १९ तासांत फिरणारा सूर्याहून हलका, थंड जोडीदार. जोडीदाराचा वायू ओढला जातो, त्याची न्यूट्रॉन ताऱ्याभोवती तबकडी होते. तबकडी बराच काळ नुसती भरत राहते आणि मग एकदम तापून वाहू लागते, तो उद्रेक. एरवी विसाव्या प्रतीच्याही पलीकडे (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तसा तारा मंद) असलेली ही जोडी मग १५ ते १७ प्रतीपर्यंत उजळते आणि आमच्यासारख्यांच्या टप्प्यात येते. त्या आठवड्यात ती १६ च्या आसपास होती.

स्फोट होतो तो न्यूट्रॉन ताऱ्याच्या पृष्ठावर. तबकडीतून पडलेला हायड्रोजन-हीलियम तिथे साचत जातो. काही मीटर जाडीचा थर झाला की तळातला हीलियम पेटतो आणि सगळा थर सेकंदभरात भडकतो. भाकरी तव्यावर टम्म फुगते तसं हळूहळू काही नाही. आग एका ठिकाणी लागते आणि बघता बघता सगळ्या पृष्ठावर पसरते. पुढच्या १०-२० सेकंदांत सूर्याला काही दिवस लागतील एवढी ऊर्जा क्ष-किरणांत बाहेर पडते. मग थर पुन्हा साचायला लागतो. काही स्फोटक तर इतके नेमाने वागतात की जीएस १८२६-२४ ला 'घड्याळी स्फोटक' असंच नाव पडलं. ॲक्विला एक्स-१ मात्र असला शिस्तीचा नाही.

आता क्ष-किरण काही सत्तरीच्या अंगणात पोचत नाहीत, वातावरण ते वरच खातं. आम्हाला दिसू शकतो तो त्यांचा पडसाद. क्ष-किरण तबकडीवर आणि जोडीदाराच्या आतल्या अंगावर आदळतात, तिथला वायू तापतो आणि दृश्य प्रकाशात उजळतो. हा उजेड थोडा उशिरा येतो, कारण क्ष-किरणांना आधी तबकडीपर्यंत जावं लागतं आणि मग उजेड आपल्याकडे निघतो. ॲक्विला एक्स-१ मधल्या दोन ताऱ्यांत प्रकाशाला सुमारे १० सेकंद लागतील एवढं अंतर आहे. म्हणजे स्फोटाचा दृश्य पडसाद दोन-चार सेकंद उशिराचा, थोडा पसरट, आणि हळू उतरणारा असायला हवा. हा 'हळू उतरणारा' शब्द लक्षात ठेवा.

हे नुसतं कागदावर नाही. असे स्फोट १९७५ मध्ये नेदरलँड्सच्या एएनएस उपग्रहाच्या नोंदींत ग्रिंडले आणि हाइझे यांना सापडले, एनजीसी ६६२४ या गोलाकार तारकागुच्छात. १९७७ च्या उन्हाळ्यात एसएएस-३ उपग्रह आणि जमिनीवरच्या दुर्बिणी यांनी मिळून पाळत ठेवली, पण दृश्य प्रकाशात काही हाती लागलं नाही. १९७८ मध्ये वृश्चिकातल्या ४यू १७३५-४४ वर एसएएस-३ ने क्ष-किरण स्फोट नोंदला आणि त्याच वेळी जमिनीवरच्या दुर्बिणीत त्याचा दृश्य तारा उजळला, सुमारे ३ सेकंद उशिरा. त्या ३ सेकंदांतून तबकडीचा आकार मोजता आला. मला या गोष्टीत सगळ्यात आवडतं ते हे, की दोन ठिकाणच्या घड्याळांवर दोन्ही पक्षांचा सेकंदाच्या आतबाहेर विश्वास होता. घड्याळ चुकलं असतं तर तबकडीही चुकली असती.

तर ६१५. रात्रीच आम्ही पहिली तपासणी केली. चारही तुलना-तारे त्या फ्रेममध्ये नेहमीसारखे होते, म्हणजे ढग सरकला किंवा धूर विरळ झाला असं काही नव्हतं. संधिप्रकाशाला अजून सव्वा तास होता. रस्त्यावर गाडी नव्हती. कॅमेऱ्याच्या चिपवर वैश्विक किरण आदळला तर एक-दोन पिक्सेल लखलखतात, ठिपका टोकदार येतो. इथे ठिपका ताऱ्यासारखाच पसरलेला होता. भाच्याने तेवढ्यात आकडा काढला: नेहमीच्या थरथराटाच्या आठपट. पाच वाजता दुर्बीण झाकली तेव्हा आम्ही दोघेही झोपण्याच्या मनःस्थितीत नव्हतो. सकाळी आठपर्यंत मी तीन जणांना फोन केले होते. ही चूक क्रमांक एक, आणि ती सर्वस्वी माझी. चाळिशी कधीच ओलांडलेल्या माणसाने 'सापडला' म्हणून सांगत सुटू नये.

दुसऱ्या दिवशी दुपारी, पंख्याखाली बसून, पहिली शंका आली. ६१६ मध्ये काहीच नाही. तारा अगदी जाग्यावर. स्फोट हळू उतरतो, तर मग शेपूट कुठे गेलं? भाचा म्हणाला, छोटा स्फोट असेल, सुरुवात आणि बराचसा उतार ६१५ मध्येच संपला असेल, शिवाय मधले २ सेकंद आपण डोळे मिटून असतो. अशक्य नव्हतं. पण शक्यतेच्या जोरावर दावा करायचा म्हणजे माटोळीला (गणपतीवर टांगलेल्या फळांच्या चौकटीला) बांधलेली दोन फळं दाखवून बागायती माझी म्हणण्यासारखं.

मग साक्षीदार शोधला. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर २००९ पासून मॅक्सी नावाचं जपानी उपकरण आहे, ते आकाशावरून क्ष-किरणांचा झाडू फिरवतं. ॲक्विला एक्स-१ चा उद्रेक चालू आहे हे आम्हाला त्याच्याच आलेखावरून कळलं होतं. पण स्थानक दीड तासात एक फेरी मारतं आणि एका ताऱ्यावर त्याची नजर मिनिटभरच टिकते. ३:४२ ला त्याचं तोंड दुसरीकडे होतं. आपला ॲस्ट्रोसॅट उपग्रह २८ सप्टेंबर २०१५ ला गेला, त्यावर क्ष-किरणांची आणि अतिनील प्रकाशाची दुर्बीण एकाच ताऱ्याकडे एकाच वेळी रोखता येते, आणि आमच्या या प्रकरणाच्या उजेडात त्यातली हुशारी मला नव्याने पटली. पण अशा उपग्रहांवरचा वेळ आधी मागून, मंजूर होऊन मिळतो. सत्तरीतल्या मामा-भाच्यांसाठी तो वळत नाही.

साक्षीदार नाही म्हटल्यावर फ्रेमलाच बोलतं करायचं होतं. तिसऱ्या दिवशी मी ६१५ मोठी करून पाहिली. आमचा तारा पूर्व-पश्चिम दिशेला किंचित लांबट वाटला. भाचा म्हणाला, गायडिंगने (दुर्बीण ताऱ्यावर धरून ठेवणाऱ्या यंत्रणेने) धक्का खाल्ला असेल. मग बाकीचे तारेही लांबट हवेत. ते गोल होते.

त्या संध्याकाळी मी घाटापलीकडच्या एका जुन्या निरीक्षकांना फोन लावला. चंचल तारे मोजण्यात त्यांची उमर गेली. मी सगळं रामायण सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला: "वजाबाकी केलीत का?" नव्हती केली. "मग आधी करा आणि मग मला फोन करा."

वजाबाकी म्हणजे ६१५ मधून ६१४ वजा करायची, तारे ताऱ्यांवर नीट जुळवून. जे दोन्हींत सारखं ते जातं, फरक तेवढा उरतो. आम्ही फक्त आमचा तारा आणि चार तुलना-तारे मोजत होतो, आणि इथे गरुडातली आकाशगंगा. फ्रेममध्ये हजारो तारे, त्यात पाच-सहा मंद ठिपके जास्तीचे आले तर डोळ्याला कळण्याची सोय नाही. वजाबाकी केली आणि करड्या पडद्यावर सहा पांढरे ठिपके उरले. एका ओळीत, सारख्या अंतरावर, प्रत्येक थोडा लांबट. ओवलेल्या मण्यांसारखे. चौथा मणी बरोबर ॲक्विला एक्स-१ वर.

भाचा काही बोललाच नाही. त्याने मुकाट्याने ६१४ मधून ६१३ वजा केली. मणी होते, पश्चिमेला. ६१६ मध्येही होते, पूर्वेला. अशी माळ फ्रेमच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बारा फ्रेम चालत गेली होती.

मण्यांमधलं अंतर २८ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग). माळ ताऱ्यांमधून सरकत होती सेकंदाला सुमारे १५ विकला, आणि या वेगातच उत्तर होतं. पृथ्वी फिरते म्हणून तारे सेकंदाला १५ विकला पश्चिमेकडे सरकतात. दुर्बीण ताऱ्यांमागून धावत असते. तेव्हा जी वस्तू ताऱ्यांच्या तुलनेत बरोबर तेवढ्याच वेगाने पूर्वेकडे जाताना दिसते, ती खरं तर आकाशात आहे तिथेच टांगलेली असते. भूस्थिर कक्षेतला उपग्रह, ३६ हजार किलोमीटर उंचीवर. गोव्यातून पाहिलं तर भूस्थिर उपग्रहांचा पट्टा विषुववृत्ताच्या पावणेतीन अंश दक्षिणेला दिसतो, आणि आमचा तारा अर्धा अंश उत्तरेला, म्हणून हा विचार आम्ही कधी केलाच नव्हता. पण इंधन संपलेले उपग्रह त्या पट्ट्यात शिस्तीत राहत नाहीत. चंद्र-सूर्याच्या ओढीने त्यांची कक्षा कलत जाते आणि वर्षानुवर्षांनी ते रोज उत्तर-दक्षिण १५ अंशांपर्यंत झोके घेऊ लागतात. धरणारं कुणी नसल्याने गरगरतही राहतात. आमचा पाहुणा पावणेदोन-दोन सेकंदांनी एखादं चकचकीत अंग सूर्याकडे करत होता, आणि दर वेळी सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा लखकन चमकत होता. तेवढ्या वेळात तो जेमतेम ५ विकला सरकतो, म्हणून रेघ न उमटता ताऱ्यासारखा ठिपका उमटला. दहा सेकंदांत सहा चमका, त्यातली एक नेमकी आमच्या ताऱ्यावर. कावळा बसायला आणि फांदी मोडायला.

उघड्या कक्षा-यादीत भाच्याला त्या वाटेवरचे दोन निकामी उपग्रह सापडले. त्यांतला कोणता हे ठरवायला वेळ अचूक हवी होती, आणि इथे चूक क्रमांक दोन उघडी पडली. सत्तरीतल्या घरी मोबाइलची रेंज ओसरीच्या एका कोपऱ्यात येते, ती वाऱ्याच्या मर्जीवर. लॅपटॉपने इंटरनेटवरून घड्याळ जुळवून चार दिवस झाले होते. जीपीएसच्या वेळेशी पडताळलं तर लॅपटॉप २.६ सेकंद मागे. म्हणजे ६१५ मधला स्फोट खरा असता, आणि नशिबाने त्या क्षणी एखादा उपग्रहही तिकडे पाहत असता, तरी ज्या दोन-चार सेकंदांच्या उशिरासाठी हा सगळा खटाटोप असतो तो उशीर आमच्या घड्याळाने गिळूनच टाकला असता. उपग्रहाच्या चमकीपेक्षा मला हेच जास्त लागलं. चमक हा योगायोग होता. घड्याळ रोज रात्री असंच चुकत होतं, फक्त त्याला कुणी विचारलं नव्हतं.

फोन केलेल्या तिघांना मी पुन्हा फोन केले. एकाने मोठ्या मनाने विषय दारू-मासळीवर नेला.

त्यानंतर पद्धतीत जे बदल झाले त्यातले दोन सांगण्यासारखे. जीपीएसचा छोटा रिसीव्हर लॅपटॉपला जोडला, त्यात विशेष काही नाही, सुरुवातीपासूनच हवा होता. दुसरा बदल मला जास्त प्रिय आहे: माझ्या फोंड्याच्या घरच्या गच्चीवर ६ इंची दुर्बीण आणि जुना कॅमेरा लावायचं ठरलं. फोंडा आणि वाळपई यांत सरळ रेषेत २० किलोमीटरसुद्धा नाहीत, पण ३६ हजार किलोमीटरवरच्या वस्तूला तेवढ्यानेही फरक पडतो. भूस्थिर उपग्रह दोन गावांतून पाहिला तर ताऱ्यांच्या तुलनेत दीड-पावणेदोन कला (कला म्हणजे ६० विकला) बाजूला दिसतो. सत्तरीत तो ताऱ्यावर बसला तर फोंड्यात तो नक्की बसत नाही. खरा स्फोट मात्र दोन्ही ठिकाणी एकदमच उजळेल. ६ इंचीला सोळाव्या प्रतीचा तारा जड जातो, आणि फोंड्याचं आकाशही उजळ, म्हणून १०-१० सेकंदांत तिथे फक्त मोठी उसळी दिसेल. साक्षीला तेवढं पुरे.

एक गोष्ट भाच्याला आणि मला वेगवेगळी वाटते. त्याला अजूनही स्फोटच पकडायचा आहे. माझं मत असं बनलं आहे की आमच्या ताकदीच्या दुर्बिणीने उद्रेकाची सुरुवात पकडावी. दृश्य प्रकाश क्ष-किरणांच्या आधी जागा होतो, कारण तबकडी आधी बाहेरून तापते आणि ती खळबळ आत न्यूट्रॉन ताऱ्यापर्यंत पोचायला दिवस जातात. २०१९ मध्ये एसएएक्स जे१८०८.४-३६५८ या दुसऱ्या स्फोटकाच्या बाबतीत दृश्य हालचाल क्ष-किरणांच्या १२ दिवस आधी दिसली होती. बारा दिवसांची आगाऊ खबर मिळाली तर उपग्रहवाल्यांना तोंड वळवायला वेळ मिळतो, आणि खबर देणाऱ्याला सेकंदांचं घड्याळ लागत नाही, रोज रात्री न चुकता एक मोजणी लागते. (ती घटना ऑगस्टची. ऑगस्टमध्ये आम्ही चवथीच्या बाजाराला चिखल तुडवत असतो.) भाचा म्हणतो, मामा, हे म्हणजे पोस्टमनचं काम. मला पोस्टमन चालतो.

मे संपता संपता घाटावर रोज संध्याकाळी गडगडायला लागलं, तेव्हा आरसा कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्या घालून कपाटात गेला. दुर्बीण परत अंगणात आली ती ऑक्टोबरात. गरुड पश्चिमेला कलला होता, अंधार पडल्यावर दोन तास मिळायचे. उद्रेक केव्हाच ओसरला होता. ॲक्विला एक्स-१ ला अर्ध्या विकलेवर एक शेजारी आहे, १९.४ प्रतीचा, त्याच्याशी काही नातं नसलेला, वाटेत उभा राहिलेला तारा. जोडी शांत असते तेव्हा त्या जागी लहान दुर्बिणीला दिसतो तो हाच शेजारी. पहिल्या रात्री साठ फ्रेम एकावर एक रचल्या तेव्हा त्याचा पुसट डाग उमटला. भाच्याने वजाबाकी केली. काही उरलं नाही. मी वहीत तारीख घालून लिहिलं: शेजारी जागेवर, घरमालक झोपलेला.